नऊ नंबरवरची गादी

आमच्या गाडीत दोन हवेच्या गाद्या आहेत. डावीकडची नवऱ्याची, उजवीकडची माझी. दोन्हींना एकेक छोटा पंप आहे आणि पंपावर फिरवायचं बटण, त्यावर एकपासून नऊपर्यंत आकडे. एकवर गादी अगदी मऊ असते, नऊवर एकदम टणक. माझी गादी मी पाचावर ठेवत होते आणि त्याची नऊवर. आठ महिने नऊवर ठेवली, रोज, माझ्या हाताने. हे आधीच सांगून टाकते. मला माझी सवय माहीत आहे. गाडी कुठून आली, घर कसं होतं, हे सांगत बसले की मुद्द्याला बगल द्यायला मला भरपूर जागा सापडते.

आणखी एक. बोलताना मी नवऱ्याला तुमी म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. लिहिताना मात्र तो म्हणणार आहे. तेवीस वर्षांच्या संसारानंतर एवढी मोकळीक घेतली तर काही बिघडत नाही.

ही गाडी एका हॉटेलवाल्याने जंगल पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बनवून घेतली होती. तशी ती मिनीबसच. आत झोपायची जागा, शेगडी, पाण्याची टाकी, आंघोळीपुरता एक कोपरा. नवरा त्या हॉटेलात ड्रायव्हर होता. हॉटेल बंद पडलं, गाडी मागच्या आवारात धूळ खात उभी राहिली, आणि याचा जीव तिच्यात अडकला. लोक प्लॉट घेतात, याने ती गाडी घेतली. मी तेव्हा कडाकडा भांडले होते. घराची कौलं बदलायची राहिली आहेत आणि तुम्ही चाकावरचं घर कशाला आणता, असं चार माणसांत म्हटलं होतं. चार महिन्यांनी तो त्याच गाडीच्या टपावरून पडला. वरची सोलरची काच पुसत होता. फार उंचीही नव्हती. पाठीवर पडला, आणि त्या दिवसापासून कमरेखालचं सगळं मुकं झालं. पाय हलत नाहीत एवढंच नाही, तिथे चिमटा काढला तरी त्याला कळत नाही.

नागपूरच्या दवाखान्यातून दोन महिन्यांनी परत आलो तर घरात चाकाची खुर्ची शिरेना. आमची गल्ली अशी की समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. शिवाय दाराला तीन पायऱ्या. मग ज्या गाडीला मी शिव्या घातल्या होत्या, तिच्यातच आम्ही राहायला गेलो. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, चिंचेशेजारी ती उभी करतो. मी पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. बाजूच्या गावची माणसं पाळीवर बसून माझं मागे घेणं पाहायची आणि नको तिथे हात हलवून रस्ता दाखवायची. दोनदा त्यांच्या सल्ल्याने चिंचेला धडकले. तिसऱ्यांदा त्यांना तिथून उठायला लावलं, तेव्हा गाडी सरळ मागे गेली.

आम्ही ढिवर, तलावावर जगणारी माणसं. जाळं विणणं नवऱ्याच्या हातात लहानपणापासून होतं. ड्रायव्हरकीत ते मागे पडलं होतं, पडल्यावर पुन्हा हातात आलं. तो गादीवर बसून फेकायची जाळी विणतो, फाटलेली दुरुस्त करतो, मी कडेला शिशाच्या गोळ्या ओवते. बाजाराच्या दिवशी कधी सानगडी, कधी दिघोरी, कधी लांब आंधळगाव अशी गाडी न्यायची, मागचं दार उघडायचं, दारात जाळी टांगायची आणि आत तो बसलेला. दुकान आणि दुकानदार एकाच गादीवर. तयार जाळी बाहेरून येतात, पण त्यांचं आयुष्य दोन हंगामांचं. हाताच्या विणीला अजून माणसं थांबतात.

तर त्या गादीबद्दल. दवाखान्यातून निघताना कुणीतरी सांगितलं होतं की हवेची गादी चांगली, तीच वापरा. ती आमच्या गाडीत आयतीच होती, म्हणून जीव भांड्यात पडला. किती हवा भरायची हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, हवा भरण्यातलं मला कोण काय शिकवणार.

माझं लहानपण शिंगाड्याच्या तलावात गेलं. शिंगाडे तोडायला आम्ही ट्रकच्या दोन ट्यूब बांबूने जोडतो, वर फळी टाकतो, आणि त्या फळीवर बसून वेलींमधून हात मारत पुढे सरकतो. खाली पाणी, पाण्याखाली गाळ. गाळात पाय गेला की वेल पायाला गुंडाळते आणि माणूस जितका ओढतो तितका खाली जातो. पाण्यात जायच्या आधी माझा बाप प्रत्येक ट्यूबवर अंगठा दाबायचा. अंगठा जरा जरी रुतला तरी ट्यूब परत पंपाला. एकदा घाईत ते राहिलं, आणि माझी ट्यूब अर्ध्या तलावात मऊ पडली. बापाने केस धरून मला ओढून काढलं तेव्हा नाकातोंडात गाळ गेला होता. त्यानंतर मी हवा भरलेली कोणतीही वस्तू अंगठ्याने दाबल्याशिवाय सोडली नाही. सायकलचं चाक असो, पोरांचा फुगा असो.

गादीवरही पहिल्या दिवशी मी अंगठा दाबला. पाचावर रुतला, सातावर थोडा रुतला, नऊवर रुतला नाही. मी नऊवर ठेवली. दुसऱ्या कुणी बाईने कदाचित त्याला विचारलं असतं, मऊ हवी का. मला तसं विचारणं सुचलंच नाही.

आणि त्याला नऊच आवडायची, हेही खरं आहे. टणक गादीवर तो दोन्ही मुठी टेकवून स्वतःचा स्वतः उठून बसायचा. पडल्यावर त्याला स्वतः करता येण्यासारख्या गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या उरल्या होत्या, त्यात ही सगळ्यात मोठी. सकाळी मी चहा ठेवायचे तोवर तो उठून बसलेला असायचा, केस विंचरलेले, हातात जाळं. बाजारात गिऱ्हाईक आलं की तो ताठ बसून बोलायचा, गुडघ्यांवर चादर. नवख्याला कळायचंही नाही की चादरीखालचे पाय नावाला आहेत. दिघोरीच्या बाजारात दोन म्हाताऱ्या भाजी ठेवून आमच्याकडे यायच्या आणि गादीवर हात आपटून पाहायच्या. एकीने मला विचारलं होतं की अशी गादी तिच्या सुनेला मिळेल का, सून फार झोपते, टणक गादीवर लवकर उठेल. नवरा खूप हसला होता. पडल्यानंतर असा पहिल्यांदाच.

हिवाळा निभावला. थंडीत गादीतली हवा थोडी बसते, हे मला नंतर कळलं. एप्रिलमध्ये आमच्याकडचं ऊन सुरू झालं. गाडीचा पत्रा असा तापायचा की आतून हात लावता यायचा नाही, आणि दुपारच्या वेळी गादी पाटासारखी व्हायची. मला त्याचंही बरंच वाटायचं. हवा जात नाही म्हणजे गादी चांगली आहे असा माझा हिशेब.

आंधळगावचा बाजार आटोपून आम्ही दुकान आवरत होतो. मी त्याला कुशीवर वळवलं, चादर काढायला, तर चादरीवर एक पिवळट लाल डाग. आधी मला चिंचेचं पाणी सांडलं असं वाटलं. मग त्याची लुंगी खाली केली. माकडहाडावर कातडी गेली होती. रुपयाच्या नाण्याएवढी जागा, कडेने काळसर, मध्ये ओलं. मी त्याच्या पाठीमागे होते म्हणून त्याला माझं तोंड दिसलं नाही. त्याने विचारलं, काय झालं, थांबली कायले.

मी म्हटलं, काही नाही, घामोळं फुटलं आहे.

ते पहिलं खोटं. अगदी सहज निघालं तोंडातून, जसं आजारी माणसासमोर निघतं. त्याला घाबरवायचं नव्हतं, हे खरं आहे. मी स्वतः इतकी घाबरले होते की दुसऱ्याची भीती सांभाळायची ताकद नव्हती, हेही खरं आहे. मी हळद लावली, कापूस ठेवला, आणि नंतर जे केलं ते लिहायला आजही हात जड होतो. मला वाटलं, गादी कुठेतरी मऊ पडत असेल आणि त्याचं हाड खालच्या फळीला लागत असेल. म्हणून मी आकडा नऊवर आहे ना हे पाहिलं, पंप पुन्हा चालू केला, आणि अंगठा दाबून खात्री केली. नंतरचे पाच दिवस रोज.

रोज तो विचारायचा, घामोळं कसं आहे, आणि रोज मी सांगायचे, बसतंय. सहाव्या दिवशी गाडीत वास यायला लागला. तो वास लपवायला मी उदबत्ती लावली. त्याने एकदम विचारलं की आज काय सण आहे. मग मात्र मी मुकाट्याने गाडी दवाखान्याकडे वळवली.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करणारी एक सिस्टर होती. तिची वाणी कडक, पण हात फार हलका. नवऱ्याला खाली उतरवायचे कष्ट नकोत म्हणून ती स्वतःच गाडीत चढली. तिने जखम पाहिली आणि साफ करायला घेतली. मग त्यालाच विचारलं, कशावर झोपता. त्याने अभिमानाने सांगितलं, हवेची गादी, एकदम टाईट. रस्तेच खराब आहेत सिस्टर, खड्ड्यांनी हाडं खिळखिळी होतात.

सिस्टरने गादीवर तळहात ठेवला. तिने दाबलाही नाही, नुसता ठेवला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, ही गादी नाही, पाटा आहे."

मग तिने मला शिकवलं. गादीच्या खालून, त्याच्या कमरेखाली आपला हात घालायचा, तळवा वर. त्याचं हाड तळव्याला टेकलं तर गादी फार मऊ. हाड कुठेच जाणवलं नाही, तर फार टणक. हाड हाताला कळलं पाहिजे, पण मध्ये दोन बोटं हवा राहिली पाहिजे. ऊन वाढलं की हवा फुगते, तेव्हा दुपारी आकडा कमी करायचा. तिने बटण चारवर आणलं, हवा सुसकारत बाहेर गेली, आणि नवरा माझ्या डोळ्यांदेखत गादीत खाली गेला. माझा हात आपोआप त्याच्या केसांकडे गेला. सिस्टर विचारत होती की बटण कोण लावतं. नवरा म्हणाला, ऊनच इतकं आहे, हवा फुगली असन. सिस्टर म्हणाली, हो, तेही असतं. मी मूग गिळून बसले.

जाताना तिने मला खाली बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं. जखम वरून दिसते त्यापेक्षा आत खोल आहे. पाठीवर झोपायचं नाही, बसायचं नाही, पोटावर किंवा कुशीवर राहायचं, दर दोन तासांनी वळवायचं. एवढं करून भरली तर भरली. हाडापर्यंत गेली तर नागपूरला मोठं ऑपरेशन, महिनोन्‌महिने पडून राहणं, आणि त्यानंतर हा माणूस कधी तासभर बसू शकेल याची खात्री नाही. त्यांना नीट समजावून सांगा, असं ती दोनदा म्हणाली.

मी गाडीत आले आणि त्याला सांगितलं की थोडे दिवस बसायचं नाही. बस, एवढंच. बसणं हेच त्याचं सगळं होतं. बसून विणायचा, बसून विकायचा, बसून माणसांत राहायचा. ते जाऊ शकतं हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगणार होते? आणि ते माझ्या अंगठ्याने गेलं असतं.

पुढचे दिवस वाईट होते. मऊ गादीवर त्याला मुठी टेकवून उठता येईना, मुठी आत जायच्या. कुशीवर वळायलाही मी लागायचे. तो चिडायचा, मग चिडल्याची लाज वाटून गप्प व्हायचा. एकदा म्हणाला, गाळात ठेवलं तू मले. तो सहज बोलून गेला होता, पण मला तो शब्द झोंबला. मी रोज पाच वेळा त्याच्या कमरेखाली हात घालायचे. त्याला हात लागल्याचं कळायचं नाही. माझा खांदा वाकलेला दिसला की तो विचारायचा, हात आत आहे का आता. मी म्हणायचे, आहे. तेवीस वर्षांच्या नवऱ्याला आपला हात लागलाय हे सांगावं लागतं, याचं रडू मला ड्रायव्हरच्या जागेवर बसून यायचं. पाठीमागून त्याला माझे डोळे दिसत नाहीत.

आणि जखम किती आहे असं विचारलं की मी कमी सांगायचे. ती रुपयाहून मोठी झाली होती तेव्हा मी सांगितलं, करंगळीच्या नखाएवढी.

पोटावर पडून माणूस किती विचार करणार? त्याने रस्त्यांवर राग काढायचं ठरवलं. जो येईल त्याला खड्ड्यांची गोष्ट. सानगडीला एक जण जाळं घ्यायला आला आणि अर्धा तास रस्त्यांबद्दल ऐकून जाळं न घेताच गेला. शेवटी त्याने अर्ज करायचं काढलं. रस्त्याच्या साहेबांना अर्ज द्यायचा, खाली बाजारातल्या माणसांच्या सह्या घ्यायच्या. माझं अक्षर चांगलं आहे, दोन वर्षं मी गावच्या शाळेत शिकवलं होतं, म्हणून लिहायची मी.

त्या दिवशी दिघोरीला बाजार अजून भरायचा होता. सकाळची वेळ. गाडी कडुनिंबाखाली होती, मागचं दार उघडं. तो उशीवर हनुवटी टेकवून पोटावर पडला होता आणि मी खाली पायरीवर बसून मांडीवर पाटी आणि तिच्यावर कागद घेऊन लिहीत होते. अर्जाची भाषा त्याला छान येते, हॉटेलात असताना शिकला. त्याने सांगितलं, विषय, रस्त्यावरील खड्ड्यांमुळे अपंग व्यक्तीस झालेल्या जखमेबाबत. मी लिहिलं. महोदय लिहिलं. उपरोक्त विषयान्वये लिहिलं. गाडीला बसणारे धक्के, त्यामुळे पाठीस झालेली इजा, सगळं लिहिलं. दोन माणसं आली, काय चाललंय विचारलं आणि अर्ज पुरा व्हायच्या आधीच सही कुठे करू म्हणाली. मी त्यांना थोड्या वेळाने या असं सांगितलं.

मग तो म्हणाला, आता लिही, माझी पत्नी माझी सर्वतोपरी निगा राखत असूनही.

मी निगा इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. अक्षरशः थांबलं. तो म्हणाला, लिहून झालं का. मी म्हटलं नाही. तो म्हणाला, निगा दीर्घ नाही, ऱ्हस्व आहे. त्याला वाटलं मी शुद्धलेखनाला अडले.

मी पाटी बाजूला ठेवली आणि सांगितलं.

"खड्ड्यानं नाई झालं ते. गादी मी नऊवर ठेवत होती. आठ महिने. जखम दिसल्यावर बी अजून हवा भरली."

बाजारात कोणीतरी ताडपत्री ओढत होतं, तिचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, "काहून?"

"तुमी खाली जाल असं वाटे मले."

मी त्याला ट्यूब, अंगठा, बाप सगळं सांगितलं. त्याला ते समजलं. तोही तलावातलाच, त्यानेही ट्यूबवर अंगठा दाबलेला आहे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटलं सुटले. एवढ्या दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं असं वाटत होतं, आणि त्या भरात मी म्हटलं की सिस्टरने तर ऑपरेशनचंही सांगितलं होतं.

त्याने मान वर केली. पोटावर पडलेल्या माणसाला मान वर करायला फार जोर लागतो. "किती मोठी हाय जखम?"

मी आता खरं सांगायचं ठरवलं होतं. अंगठा आणि बोट जोडून दाखवलं. तो त्या बोटांच्या गोलाकडे बघत राहिला. मी नखाएवढी सांगितलेली त्याला आठवत असणारच.

"गादीचं जाऊ दे," तो म्हणाला. "गादी मी बी तशीच ठेवली असती. पन माह्या कमरेखालची खबर मले तुह्याच तोंडून भेटते. तूच खोटं बोलली, त मी कोनाले विचारू?"

तुम्हाला त्रास नको म्हणून, असं काहीतरी ओठांवर आलं होतं, पण ते बोलायचीही लाज वाटली. मघाची माणसं सही करायला परत आली. नवऱ्याने त्यांना हसून सांगितलं की अर्ज रद्द झाला. त्यांना चहा पाजला. मी अर्जाचा कागद चार घड्या करून शेगडीजवळच्या डब्यात टाकला.

त्याच दिवशी त्याने मला जखमेचा फोटो काढायला लावला. ड्रेसिंग उघडलं, मी मोबाईल धरला, काढला, आणि त्याच्या हातात दिला. स्वतःच्या शरीरावर दोन महिने असलेली गोष्ट तो पहिल्यांदा पाहत होता. फाटलेलं जाळं हातात आल्यावर तो जसं कुठून सुरुवात करायची ते पाहतो, तसं त्याने ते पाहिलं. मोठं केलं, सरकवलं, पुन्हा लहान केलं. मग म्हणाला, ठीक आहे.

त्याने मला दोष दिला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द बोलता आले असते, भांडण झालं असतं आणि भांडण संपलं असतं. माझ्याशी त्याचं वागणं नीट होतं. फक्त काही गोष्टी बदलल्या. पंपाचं बटण त्याने स्वतःच्या हाताशी लावून घेतलं. सकाळी पाच, दुपारी तीन, संध्याकाळी चार, हे आकडे तो ठरवू लागला. मी खालून हात घातला आणि दोन बोटं हवा आहे म्हटलं की तो हो म्हणायचा, आणि मी चहा ठेवायला वळले की स्वतःचा हात कसाबसा लांबवून, खांदा दुखेपर्यंत, कमरेखाली नेऊन पाहायचा. मला ते शेगडीवरच्या आरशात दिसायचं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझं दूध उतू गेलं.

आणि रोजचा फोटो. रोज सकाळी ड्रेसिंगच्या वेळी एक. आदल्या दिवशीचा आणि आजचा तो शेजारी शेजारी लावून पाहायचा. मी आधी तोंडाने सांगायचे, आज बरी आहे, आज थोडं पाणी आहे, खरं तेच सांगायचे, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. तो ऐकून घ्यायचा आणि हात पुढे करायचा.

पावसाळ्यात जखम तळातून भरत हळूहळू वर आली. सिस्टर आता माझ्याशी चांगलं बोलायची. तळाची लाली, कडेची नवी कातडी हे ती मला ओळखायला शिकवायची. मी रोज दर दोन तासांनी वळवलं, एकदाही चुकवलं नाही, हे मी अभिमानाने सांगत नाही. तेवढंच माझ्या हातात होतं. बाजाराला जाणं आम्ही बंद ठेवलं होतं. जाळं घेणारे पाळीखाली गाडीपर्यंत यायचे, आणि तो पोटावर पडूनच विणायचा, दोन्ही कोपरं उशीवर टेकवून. तशी वीण सैल यायची, ती उसवून पुन्हा करायचा. दिवाळी जवळ आली तेव्हा धानाला लोंब्या भरल्या होत्या आणि त्याची जखम मुगाएवढी राहिली होती. मग फोटोत नुसता एक गुलाबी ठिपका.

एका सकाळी मी पट्टी काढली तर ती कोरडी. तिसऱ्या दिवशीही कोरडी. मी ओल्या कापसाने पुसलं, उजेडात वाकून पाहिलं, बोट फिरवलं. सगळीकडे कातडी होती. पातळ, नवीन, पण अखंड. आता हाडापर्यंत जाणं नाही, नागपूर नाही, महिनाभराने तो हळूहळू बसू शकेल. मी त्याच्या पाठीवर, जिथे त्याला कळतं त्या जागी, खांद्याखाली हात ठेवला.

"भरली वो," मी म्हटलं. "पुरी भरली. देवाशपथ."

त्याची पाठ माझ्या हाताखाली एकदम सैल झाली. त्याने तोंड उशीत खुपसलं आणि श्वास सोडला. तो रडत होता की हसत होता ते मला मागून समजलं नाही. मी थांबले. मला वाटलं, आज एवढं पुरेल.

मग त्याने हात मागे केला, तळवा वर.

"फोटो दाखव."

मी फोटो काढला आणि फोन त्याच्या तळव्यावर ठेवला. घाईत काढल्याने फोटो हलला होता. त्याने तो पाहिला, मोठा करून पाहिला, आणि फोन परत माझ्याकडे दिला.

"साफ नाई आला. दुसरा काढ."

मी दुसरा काढला.